उतारूंच्या गाडीतील घोडा : मुंबई-नाशिक-मनमाड लोहमार्गावरील अश्ववाहतुकीचा विचार

विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात खेळण्यातील आगगाड्यांचे जे नमुने तयार होत, त्यांत घोडे वाहून नेणाऱ्या डब्याचा एक लहानसा नमुना असे. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या हॉर्नबी-डब्लो या मालिकेत तो होता आणि त्या डब्याबरोबर बोटाच्या पेराएवढा घोडाही मिळत असे. जाणते हौशी लोक हा डबा मालाच्या वाघिणींच्या रांगेत जोडीत नसत. तो उतारूंच्या डब्यांना जोडावयाचा, असा संकेत होता. पुण्यास कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांच्या आयुष्यभराच्या परिश्रमातून १९९८ साली लहान रेल्वेचे संग्रहालय उभे राहिले. अशा संग्रहालयात थोडा वेळ काढलेल्या कोणासही ठाऊक असेल की, कोणता डबा कोणत्या गाडीला जोडावयाचा या बाबतीत हे छांदिष्ट लोक कमालीचे कर्मठ असतात. त्यांचा हा कर्मठपणा इतिहासाच्या अभ्यासकास उपयोगी पडतो, कारण तो प्रत्यक्ष लोहमार्गावरील व्यवहारास धरून असतो.

घोडा हे जनावर. त्याच्या वाहतुकीचा डबाही लाकडी भिंतींचा, जवळजवळ बिनखिडक्यांचा, दिसण्यात वाघिणीसारखाच. असे असता त्याचे स्थान उतारूंच्या गाडीत का? बैल, म्हैस, मेंढी यांना जे मिळाले नाही ते घोड्यास कोणत्या हक्काने मिळाले? नाशिक जिल्ह्यातून जाणाऱ्या लोहमार्गाच्या संदर्भात हा प्रश्न विचारावयाचा तो अशासाठी की, या एकाच जिल्ह्यात घोडा आणि आगगाडी यांची गाठ निरनिराळ्या नात्यांनी पडलेली दिसते. घाट, छावणी, जंक्शन, घोडेबाजार आणि टांग्याचा अड्डा, ही सर्व स्थळे त्याच्या सीमेत किंवा तिच्या लगत आहेत.

प्रथम या डब्याची रचना पाहू. इंग्लंडात रूढ झालेला घोड्यांचा डबा बहुधा चार चाकांचा असे व त्यात तीन घोड्यांची सोय असे. घोडे गाडीच्या लांबीच्या दिशेने, एकमेकांशेजारी, मध्ये गादी बसविलेले आडोसे घालून उभे केले जात. डब्याच्या बाजूच्या दाराचा खालचा अर्धा भाग बाहेर पडून फलाटावर टेके व त्याचाच उतार होई. वरचा भाग दोन झडपांचा असे. घोड्यांच्या तोंडाकडील टोकास मोतद्दारासाठी एक अरुंद कप्पा असून मधल्या झरोक्यातून त्याला घोड्यास वैरण देता येई, त्याच्याशी बोलता येई, तोंडावरून हात फिरविता येई. ज्याने घोडा पाळला आहे त्याला या झरोक्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. परक्या खडखडाटात बुजलेला घोडा ओळखीच्या हाताने जसा शांत होतो तसा दुसऱ्या कशाने होत नाही. डब्याखालचा सांगाडा, चाके, बफर, सांधे आणि पुढे ब्रेकची नळी ही मात्र उतारूंच्या डब्याच्या मोजमापाची असत. वाघीण धीम्या गतीसाठी बांधलेली. हा डबा वेगाने धावणाऱ्या गाडीला जोडण्यासाठी बांधलेला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळमार्ग इंग्लंडातील मार्गापेक्षा रुंद, म्हणजे साडेपाच फुटी होता. परंतु तिची गाड्यांविषयीची मूळ कल्पना इंग्लंडातूनच आलेली होती.

तीच गोष्ट हिशेबाच्या वह्यांची. इंग्लंडातील रेल्वे कंपन्यांच्या विवरणपत्रांत बग्ग्या, घोडे आणि कुत्री यांचे उत्पन्न उतारू-वाहतुकीच्या बाजूस दाखविले जाई आणि गुरांचे उत्पन्न मालाच्या बाजूस. हिंदुस्थानातील रेल्वेने हीच विभागणी स्वीकारली. कोचिंग वाहतूक या सदरात उतारू, त्यांचे सामान, पार्सले, बग्ग्या, घोडे व कुत्री. माल वाहतूक या सदरात धान्य, कापूस, कोळसा आणि बैल. ही यादी प्राणिशास्त्राची नाही हे उघड आहे. कुत्रा आणि घोडा यांना एकत्र आणणारा दुवा त्यांच्या मालकात आहे. जो गृहस्थ स्वतः पहिल्या वर्गाने प्रवास करीत असे, त्याची बग्गी उघड्या ट्रकवर, त्याचे घोडे घोड्यांच्या डब्यात आणि त्याचा कुत्रा गार्डाच्या डब्यात, अशी एकाच गाडीने जात. स्टेशनावर उतरून बग्गीला आपलेच घोडे जुंपून घरी जावे, ही आरंभीच्या काळातील सधन इंग्रज कुटुंबाची रीत होती. म्हणजे घोडा उतारूंच्या गाडीत आला तो मालकाचे जंगम सामान म्हणून. हिंदुस्थानात सामान तेच राहिले. मालक मात्र बहुतेक लष्करी अंमलदार, संस्थानिक, मोठे व्यापारी आणि शर्यतीचे शौकीन हे झाले.

बैल आणि घोडा यांच्यातील हे अंतर कायद्याने आकड्यांत मांडून ठेवले आहे. १८५४ साली ब्रिटिश पार्लमेंटने रेल्वे व कालवे यांच्या वाहतुकीविषयी जो कायदा केला, त्यात जनावर वाटेत दगावल्यास किंवा जखमी झाल्यास कंपनीवरील जबाबदारीची कमाल मर्यादा ठरविली होती. मालकाने अधिक किंमत आधी जाहीर करून जादा आकार भरला नसेल, तर घोड्यामागे ५० पौंड, गुरांपैकी प्रत्येकामागे १५ पौंड आणि मेंढी किंवा डुक्कर यांमागे २ पौंड. हिंदुस्थानात १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ७३ व्या कलमाने याच धर्तीवर मर्यादा घातल्या. हत्ती किंवा घोडा यास दर डोई ५०० रुपये. उंट किंवा शिंगवाले जनावर यास ५० रुपये. गाढव, मेंढी, शेळी, कुत्रा इत्यादींस १० रुपये.

हे दोन आकडेसमूह शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एक गोष्ट नजरेत भरते. इंग्लंडच्या कायद्यात एक घोडा हा साधारण सव्वातीन गुरांबरोबरचा आहे. हिंदुस्थानच्या कायद्यात तो दहा बैलांबरोबरचा आहे. पौंडास दहा रुपये हा जुना ढोबळ दर धरला, तर घोड्याचे ५० पौंड तसेच्या तसे ५०० रुपये झाले. त्याच दराने बैलाचे १५० रुपये व्हावयास हवे होते ते ५० झाले, आणि मेंढीचे २० व्हावयास हवे होते ते १० झाले. १८९० पर्यंत रुपयाचा भाव या दरापेक्षा बराच उतरला होता हे खरे. पण त्यामुळे आकड्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण बदलत नाही. समुद्र ओलांडताना घोड्याची मर्यादा कायम राहिली आणि बैलाची एकतृतीयांशावर आली.

याचे एक सरळ उत्तर देता येईल, व ते अगदीच टाकाऊ नाही. हिंदुस्थानातील सामान्य बैल इंग्लंडातील पोसलेल्या गुरापेक्षा स्वस्त होता. उलट येथील लष्कराला लागणारा घोडा परदेशातून येई आणि त्याची किंमत परदेशी बाजारातच ठरे. शिवाय ही नुकसानभरपाईची कमाल मर्यादा होती, किंमत नव्हे. भिमथडीचे तट्टू दगावले म्हणून कोणी पाचशे रुपये मोजून देत नव्हते. परंतु एवढ्याने शंका पुरती फिटत नाही. खिलारी जोडी आणि कसाबसा नांगर ओढणारा बैल यांच्या मोलात मोठे अंतर असे, हे दख्खनच्या कोणत्याही आठवडी बाजारात दिसणारे सत्य कायद्याच्या गावी नव्हते. शिंगे असली की पन्नास. घोड्याची मर्यादा मात्र उत्तम घोड्यास पुरेल इतकी उंच ठेवलेली होती. शेतकऱ्याच्या बैलाचे मोल त्याच्या नांगरावर व मोटेवर ठरते आणि अंमलदाराच्या घोड्याचे मोल बंदरावरील खरेदीवर ठरते. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर यांपैकी कोणता हिशेब अधिक स्पष्ट होता, हे या दहापटीवरून कळते.

आता प्रत्यक्ष मार्गाकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली. १८५४ साली मार्ग कल्याणपर्यंत गेला. सह्याद्री चढण्यासाठी मुख्य अभियंता जेम्स बर्कले याने दोन घाट आखले. पुण्याकडील बोरघाट १८६३ साली खुला झाला आणि नाशिककडील थळ घाट १८६५ साली. घाट चढून गाडी इगतपुरीस येऊ लागली तेव्हा मुंबई आणि नाशिक यांच्यातील एक जुने मोजमाप पालटले. मुंबई ते नाशिक रोड हे अंतर लोहमार्गाने सुमारे ११६ मैल आहे. आग्रा रस्त्याने, दिवसाकाठी पंधरा ते वीस मैलांच्या चालीने, घोडदळाची तुकडी किंवा घोड्याचा व्यापारी हे अंतर सहा ते आठ दिवसांत तोडी. आणि थळ घाटाच्या पायथ्याशी व माथ्याशी घोड्यांना विसावा द्यावाच लागे. मुंबई बंदरात जहाजाचा प्रवास सोसून उतरलेल्या, पाय आखडलेल्या घोड्यास लगेच अशी मजल घालणे अवघडच. आगगाडीने हाच प्रवास एका दिवसाच्या आत आणला.

घाटातील चढ काही ठिकाणी ३७ फुटांस एक फूट असा होता. बोरघाटाप्रमाणे थळ घाटातही आरंभी उलटे फिरण्याचे स्थानक होते. एका दिशेने चढून आलेली गाडी तेथे थांबे, इंजिन दुसऱ्या टोकास लागे आणि जे टोक शेपटीचे होते ते पुढे होऊन गाडी वर निघे. बाकावर बसलेल्या उतारूस यात तोंड फिरवून बसण्यापलीकडे काही करावे लागत नसे. पण लांबीच्या दिशेने बांधलेला घोडा कसाऱ्यापर्यंत ज्या तोंडाने पुढे पाहत आला होता, त्याच तोंडाने पुढचा सारा प्रवास त्याला पाठीकडे करावा लागे. चढावर मागे रेटा बसणे आणि उलट्या दिशेने धक्का खाणे या दोन्ही गोष्टी जनावराच्या पायांस कष्टाच्या. इगतपुरीस इंजिने बदलण्यासाठी गाडी थांबे. घोड्यास पाणी दाखवावयाचे तर अशाच मुक्कामावर.

या मार्गावर घोड्यांची ये-जा एवढी का असावी, याचे उत्तर देवळाली या एका नावात पुष्कळसे सामावले आहे. १८६१ पासून देवळाली येथे ब्रिटिश लष्कराचा मुक्कामी तळ होता. विलायतेहून मुंबईस उतरलेल्या पलटणी किनाऱ्याच्या दमट हवेतून लवकर बाहेर काढून घाटमाथ्यावर आणाव्यात, तेथे त्यांची वाटणी करावी आणि मग देशभरच्या छावण्यांत पाठवावे. परतणाऱ्यांनीही जहाजाची वाट येथेच पाहावी, अशी योजना होती. (कंटाळून भ्रमिष्ट झालेल्या शिपायासाठी इंग्रजी बोलीत जो शब्द रूढ झाला तो देवळालीच्या नावाचाच अपभ्रंश, हे प्रसिद्धच आहे.) पलटणीबरोबर अंमलदार आणि अंमलदारांबरोबर त्यांचे घोडे.

हे घोडे मुख्यतः दोन दिशांनी हिंदुस्थानात येत. इराणच्या आखातातून येणारे अरबी घोडे मुंबईस उतरत. भेंडीबाजार व भायखळा या भागांतील अरब सौदागरांचे तबेले एके काळी सर्व देशात नावाजलेले होते. दुसरी दिशा ऑस्ट्रेलियाची. न्यू साऊथ वेल्सवरून ज्यांना ‘वेलर’ हे नाव पडले ते घोडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लष्कराचा मुख्य आधार झाले व कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांत येऊ लागले. ज्या दख्खनने भीमेच्या खोऱ्यातील काटक तट्टांवर बसून शतकभर दौडी केल्या, पागा आणि शिलेदारी यांवर ज्याची राज्यव्यवस्था उभी होती, त्याच दख्खनच्या छावण्यांत आता समुद्रापलीकडचा घोडा आगगाडीने येऊन उतरू लागला. १८१८ नंतर देशी घोड्याचे मोठे लष्करी गिऱ्हाईक गेले होते. लोहमार्गाने परदेशी घोडा घाटावर आणणे सोपे केले आणि देशी घोड्याची ती बाजू कायमची पडली.

देवळालीच्या पुढे मनमाड. दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली पुरा झाला आणि मनमाड हे जंक्शन झाले. या मार्गावर अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) लागते. तेथे लष्करास घोडे तयार करून पुरविणारा रिमाउंट डेपो होता. मुंबईस उतरलेला घोडा तेथे पोचविण्यास दोन वाटा झाल्या : बोरघाटाने पुणे-दौंडवरून, अथवा थळ घाटाने नाशिक-मनमाडवरून. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादकडे (आजचे छत्रपती संभाजीनगर) व पुढे सिकंदराबादेकडे निजामाच्या मुलुखातील मीटर गेज मार्ग निघाला. औरंगाबादेस छावणी होती. रुंद रुळांचा डबा अरुंद रुळांवर चालत नाही. धान्याचे पोते एका वाघिणीतून दुसरीत टाकावयास हमाल पुरतो. रात्रीच्या वेळी अनोळखी फलाटावर घोडे उतरविणे, त्यांना आगाडी-पिछाडी लावून ठेवणे आणि पुन्हा दुसऱ्या, लहान डब्यात चढविणे हे काम मोतद्दाराची परीक्षा पाहणारे होते. रुळांच्या रुंदीतील फरकाने हिंदी व्यापारावर कोणता भार पडला याची चर्चा पुष्कळ झाली आहे. जित्राबावर पडलेल्या भाराची फारशी झालेली नाही.

याच दौंड-मनमाड मार्गावर येवले आहे. येवल्याचा घोडेबाजार राजे रघुजीबाबा शिंदे यांच्या नावाशी जोडलेला असून दसऱ्यास तो विशेष भरतो. खानदेशात तापीकाठी सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेत भरणारा घोडेबाजार याच परंपरेतला. येवल्यास स्टेशन असताही हे बाजार घोड्यांच्या डब्याचे गिऱ्हाईक नव्हते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पाच-पंचवीस तट्टे घेऊन फिरणारा व्यापारी त्यांना चालवीत नेई. वाटेत गावोगाव एखादे विकी, एखादे बदलून घेई. चालणे हा त्याच्या दृष्टीने वेळेचा अपव्यय नव्हता, तोच त्याचा व्यापार होता. तीन घोडे आणि एक मोतद्दार यांच्यासाठी बांधलेला डबा त्याच्या कामाचा नव्हता, आणि त्याचा घोडाही डब्याच्या हिशेबातला नव्हता. एकाच जिल्ह्यात, एकाच काळी, घोड्यांच्या दोन जाती निर्माण झाल्या त्या अशा : आगगाडीतून जाणारा आणि आगगाडीच्या रस्त्याशेजारून चालणारा.

तिसराही एक घोडा होता, आणि त्याला विसरून चालणार नाही. लोहमार्ग नाशिक शहरातून न जाता सुमारे पाच मैलांवरून गेला. परिणाम असा झाला की, आगगाडीने घोड्यास निरुपयोगी करण्याऐवजी त्याच्यासाठी नवे काम उत्पन्न केले. पंचवटीस जाणारा यात्रेकरू नाशिक रोडला उतरे आणि तेथून टांगा करी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्टेशनपासून मेनरोडवरील जुन्या नगरपालिकेपर्यंत ट्राम सुरू झाली. तिचे दोन डबे चार घोडे ओढीत. अवर्षण आणि प्लेग यांनी हा धंदा खिळखिळा केला व १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तो बंद पडला. मुंबईतही हेच घडले होते. १८७४ साली तेथे ट्राम सुरू झाली ती घोड्यांची, आणि त्यासाठी कंपनीने सुमारे ९०० घोडे बाळगले होते असे सांगतात. विजेची ट्राम यावयास १९०७ साल उजाडले. वाफेने घोड्याला हटविले हे विधान पाठ्यपुस्तकांत इतक्या सहजतेने येते की, वाफेच्या गाडीतून उतरलेला प्रत्येक माणूस आणि प्रत्येक गठडी पुढे कोण नेत होते, हा प्रश्न विचारण्याचे राहून जाते.

या ठिकाणी माणसांच्या प्रवासाचा उल्लेख करणे प्राप्त आहे. मोठ्या यात्रांच्या दिवसांत तिसऱ्या वर्गाचे डबे अपुरे पडले म्हणजे यात्रेकरूंना मालाच्या वाघिणींत भरून नेण्याची प्रथा हिंदी रेल्वेवर होती आणि तिच्याविरुद्ध वर्तमानपत्रांतून व कायदेमंडळांतून वारंवार तक्रारी झाल्या. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंच्या हालांवर महात्मा गांधींनी १९१७ साली लिहिलेले निवेदन सर्वांना माहीत आहे. एकीकडे घोडा उतारूंच्या गाडीत, दुसरीकडे उतारू मालाच्या वाघिणीत. ही तुलना चटकदार वाटली तरी ती सावधपणे केली पाहिजे. घोड्याचा डबा हा काही सुखाचा प्रवास नव्हे. आणि यात्रेच्या चार दिवसांसाठी कोणतीही रेल्वे वर्षभर जादा डबे बाळगून ठेवीत नाही, हे रेल्वेचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. तथापि घोड्यासाठी खास डबा बांधताना तीन घोड्यांस किती जागा, किती वारा, किती गादी लागते याचे माप काढले गेले होते. वाघिणीत चढणाऱ्या माणसांचे असे माप कोणी काढलेले नव्हते.

आणि या दोहोंच्या मध्ये मोतद्दार. त्याचा कप्पा घोड्याच्या डब्यातला, त्याचा प्रवास घोड्यामुळेच घडणारा, त्याची नेमणूक मालकाची. दप्तरात घोड्याची नोंद असे, मालकाची असे. मोतद्दाराचे नाव सहसा कोठे येत नाही. पण ही वाहतूक यशस्वी होणे सर्वथा त्याच्यावर अवलंबून होते. चढविण्यापूर्वी घोड्यास भरपेट दाणा देऊ नये, उतारावर घोड्याच्या पुढे चालावे पण मागे वळून त्याच्या डोळ्यांत पाहू नये, आधी शांत घोडा चढवावा म्हणजे बुजरा त्याच्या मागे येतो, या गोष्टी पिढीजात धंद्यातून आलेल्या होत्या. रेल्वेने डबा आणला. तो चालविण्याची विद्या पागेतलीच राहिली.

रोगाच्या प्रश्नानेही या वाहतुकीवर सरकारचे लक्ष वेधले. पूर्वी घोड्याचा रोग त्याच्या चालीनेच पसरे. आगगाडीने तो एका रात्रीत दोनशे मैल जाऊ लागला. १८८९ साली पुण्यास स्थापन झालेल्या व १८९३ साली मुक्तेश्वरास हलविलेल्या जंतुशास्त्रीय प्रयोगशाळेत आल्फ्रेड लिंगार्ड याने घोड्यांच्या ‘सरा’ रोगाचा अभ्यास केला, आणि १८९९ साली शेंबा व फार्सी या रोगांविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. बैलांच्या बुळकांडीने त्याच काळात शेतकऱ्याचे कंबरडे मोडले होते. पण प्रयोगशाळेच्या आरंभीच्या कामात घोड्याला जे स्थान मिळाले त्यामागे लष्कराची निकड होती, हे स्पष्ट दिसते.

युद्धकाळात मात्र डब्याचे हे चित्र बदले. १८९९ साली दक्षिण आफ्रिकेस आणि १९१४ साली फ्रान्सला हिंदुस्थानातून जे सैन्य गेले त्याचे घोडे मुंबई बंदराकडे खास गाड्यांनी आणावे लागले. पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्स ही दोन्ही पथके सिकंदराबादच्या घोडदळ ब्रिगेडमधून फ्रान्सला गेली. शेकडो घोडे एका वेळी न्यावयाचे म्हटल्यावर तीन-तीनचे डबे कोठून पुरणार? तेव्हा पथकाचे घोडे वाघिणींतूनच जात. फ्रान्समध्ये तर लष्करी वाघिणींवर ‘४० माणसे, ८ घोडे’ अशी पाटीच असे, आणि आपल्या शिपायांनी ती तेथे वाचली असेल. शांततेच्या काळात मालकाच्या प्रतिष्ठेमुळे उतारूंच्या गाडीत बसलेला घोडा लढाई सुरू होताच पुन्हा वाघिणीत गेला, आणि शिपाई त्याच्याबरोबर गेला.

त्यानंतर फार काळ लोटला नाही. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हिंदी घोडदळाचे यांत्रिकीकरण सुरू झाले व दुसऱ्या महायुद्धात ते पुरे झाले. तोफा ओढणारे घोडे गेले आणि त्यांच्या जागी मोटारी आल्या. देवळालीचे नाव आता तोफखान्याच्या शिक्षणाशी जोडले गेले. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली निरनिराळ्या संस्थानी घोडदळांतून ६१ वी कॅव्हलरी उभी राहिली, तीच काय ती लष्करातील मोठी पागा उरली. येवल्याच्या आणि सारंगखेड्याच्या बाजारास आज घोडे येतात ते ट्रकमधून; व्यापाऱ्याच्या तट्टाने आगगाडीची पायरी गाठलीच नाही, ते रस्त्यावरून थेट मोटारीत चढले.

१८९० चा रेल्वे कायदा जवळजवळ शंभर वर्षे चालला व १९८९ च्या कायद्याने तो रद्द झाला. त्याखाली १९९० साली केलेल्या नियमांत जनावरांची यादी पुन्हा आली आहे. हत्तीस ६,००० रुपये, घोड्यास ३,००० रुपये, खेचर, उंट किंवा शिंगवाल्या जनावरास ८०० रुपये, आणि कुत्रा, गाढव, शेळी, मेंढी यांस १२० रुपये. हत्ती घोड्यापासून वेगळा होऊन त्याच्या दुप्पट झाला आहे. घोडा आणि बैल यांच्यातील दहापट पावणेचार पटींवर उतरली आहे, म्हणजे १८५४ च्या इंग्लंडातील प्रमाणाच्या बरीच जवळ. तोवर उतारूंच्या गाडीला घोड्याचा डबा जोडण्याचे दिवस मागे पडले होते.